कंपनी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला पाठवतेय. १८२ दिवसांचं गणित कोणी समजावेल का?

कोपरीची_लेक | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बाप्पा परवा गेले. मखर अजून हॉलमध्येच आहे आणि मी त्याच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसलेय.

ऐरोलीला माइंडस्पेसमधल्या एका कंपनीत मी नऊ वर्षं आहे. कंपनी मला दीड वर्षासाठी म्युनिकला पाठवतेय. एचआरच्या मुलीने तीन वाक्यांत विषय संपवला: "परमिटचं आम्ही बघतो. तिकीट ६ ऑक्टोबरचं आहे. टॅक्सचं तुमच्या सीएंना विचारा." माझे सीए म्हणजे नौपाड्यातले एक सज्जन गृहस्थ. बारा वर्षं माझा फॉर्म १६ घेतात आणि रिटर्न भरून देतात. त्यांना म्युनिक सांगितल्यावर म्हणाले, "अरे वा! थंडी फार असते हं तिकडे."

तर मी या वर्षी भारतात रहिवासी धरली जाणार की अनिवासी? पगाराचा थोडा भाग इथल्या खात्यात चालू राहणार आहे, बाकीचा तिकडे. पीएफ इथे कापला जाईल, तिथेही पेन्शनचे पैसे कापतात म्हणे. म्हणजे दोन्हीकडून? शिवाय मॅनेजरचं टुमणं आहे की परमिट येईपर्यंत बिझनेस व्हिसावर तीन आठवडे जाऊन ये, काम अडलंय.

नवरा आणि मुलगा (सातवीत आहे) इथेच राहणार. आणि आईचं म्हणणं, टेंभीनाक्याच्या देवीचं दर्शन घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दसरा २ ऑक्टोबरला आहे, त्यामुळे ६ तारीख तिला एकदम पसंत आहे.

ऐरोली_लोकल | ९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

अभिनंदन! पार्टी कुठे ते आधी ठरवा. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत, वाखु (वाचनखूण) साठवली आहे. आमच्या इथेही पुढच्या वर्षी नेदरलँड्सची कुजबुज सुरू आहे.

घोडबंदरकर | ९ सप्टेंबर, सकाळी ९:०२

सोपं आहे ताई. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात की रहिवासी, आणि मग जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, झाले १५३. त्यात सप्टेंबरचे २८ मिळवले की १८१. म्हणजे २८ सप्टेंबरला विमानात बसलात तर अनिवासी, २९ ला बसलात तर रहिवासी. जाण्याचा दिवसही धरायचा. तुमचं ६ ऑक्टोबर म्हणजे १८९ दिवस. तिकीट आठ-दहा दिवस अलीकडे घ्या, विषय संपला. एकदा गेलात की सुटलात.

तलावपाळी | ९ सप्टेंबर, सकाळी ९:२०

म्हणजे घटस्थापना २२ ची, आणि ताई अष्टमीच्या आधीच फरार. आईला कोण सांगणार? आयकर खातं?

बेलापूरबाई | ९ सप्टेंबर, दुपारी २:४५

@घोडबंदरकर, "एकदा गेलात की सुटलात" हे वाक्य कृपया मागे घ्या. आमच्या घरात या वाक्याने एक अख्खं वर्ष खाल्लंय.

आमच्या ह्यांना असंच कंपनीने बेल्जियमला पाठवलं होतं. २४ सप्टेंबरला गेले, म्हणजे १७७ दिवस. कंपनीतले सगळे म्हणाले, तुम्ही अनिवासी. हे खूश. डिसेंबरात माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं पनवेलला. आठ दिवस आले, हळद झाली, लग्न झालं, पूजा झाली, परत गेले. १७७ आणि ८ किती? दिवस आर्थिक वर्षभराचे मोजतात, सलग नाही. जुलैत रिटर्न भरायच्या वेळी सीएने पासपोर्ट मागितला, शिक्के बघितले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला तेव्हाच कळलं काहीतरी झालंय.

दिराला अजून म्हणतो आम्ही, तुझ्या लग्नात सगळ्यात महाग आहेर आम्ही केलाय.

खाऱ्या_पाण्याचा | ९ सप्टेंबर, रात्री १०:३०

नेरुळहून. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर, सध्या सुट्टीवर. दिवस मोजणं हा आमचा राष्ट्रीय खेळ आहे. जहाजावर कोणी "किती झाले?" विचारलं तर ते वय नसतं, भारताबाहेरचे दिवस असतात. १८४ बाहेर म्हणजे १८१ आत. त्याला आम्ही "एनआरआय पूर्ण झालं" म्हणतो.

एका वर्षी कंपनीने मला लवकर उतरवलं. मार्च सुरू व्हायचा होता, आणि बाहेरचे दिवस भरत होते १७८. मी घरी आलो, कॅलेंडर बघितलं आणि बायकोला म्हटलं, चल, थायलंडला जाऊ. वीस वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून फिरायला नेतोय म्हणून तिचे डोळे भरून आले. नऊ दिवस फुकेतला काढले. सहाव्या संध्याकाळी मी एकटाच हसतोय बघून तिने विचारलं, आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. उरलेले तीन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही.

आमच्या भाईबंदांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण बऱ्याच पोरांना माहीत नसते. परदेशी जहाजावर काम करणाऱ्या अनिवासी खलाशाचा पगार इथल्या एनआरई (अनिवासींच्या परदेशी कमाईच्या) खात्यात जमा झाला, केवळ एवढ्या कारणावरून तो भारतात करपात्र होत नाही. सीबीडीटीचं (आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाचं) २०१७ चं परिपत्रक क्रमांक १३ आहे, एप्रिलमधलं. मात्र ते खलाशांपुरतं आहे. म्युनिकच्या ताईंना लागू नाही.

तलावपाळी | ९ सप्टेंबर, रात्री १०:४१

फुकेत कथा धाग्याच्या वर पिन करा.

म्युनिकवासी | १० सप्टेंबर, पहाटे १:१५

मूळचा ठाण्याचा, सावरकरनगर. सात वर्षं इथे आहे. कराचं जाणकार सांगतील, मी परमिटवर बोलतो.

आधी बिझनेस व्हिसा. ताई, करू नका. शेंगेन बिझनेस व्हिसावर मीटिंगला बसता येतं, वाटाघाटी करता येतात, कारखाना बघता येतो. क्लायंटच्या जागी बसून रोज आठ तास प्रोजेक्टचं काम करणं म्हणजे नोकरी, आणि तिला परमिट लागतं. त्याचा हिशोबही वेगळा आहे: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. लोक हे ९०, भारताचे १८२ आणि दोन देशांच्या करकरारातले १८३ एकाच पातेल्यात घालतात आणि खिचडी करतात. शिवाय इथे आल्यावर तो व्हिसा वर्क परमिटमध्ये बदलून घेऊ असं मॅनेजर म्हणत असेल तर त्याला विचारा, कोणाचा झालेला बघितलाय? आपल्या पासपोर्टवर राष्ट्रीय व्हिसा मुंबईतूनच घेऊन यावा लागतो.

दुसरं, एचआरला नेमकं विचारा: आयसीटी कार्ड की ब्लू कार्ड? आयसीटीमध्ये तुमचा करार भारतातल्या कंपनीशीच राहतो, तुम्ही फक्त इथल्या शाखेत बदलून येता, तज्ज्ञांना जास्तीत जास्त तीन वर्षं. ब्लू कार्डाला जर्मन कंपनीशी थेट करार लागतो, पदवी इथे मान्य आहे का ते बघतात, आणि पगाराची किमान मर्यादा आहे, २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो (टंचाईच्या क्षेत्रांना कमी). तुमचा पीएफ चालू राहणार म्हणताय, म्हणजे बहुतेक आयसीटी.

आणि आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो विनोद समजू नका. तिथे चर्चचं नाव लागलं तर आयकराच्या ८ टक्के चर्च कर कापतात, बव्हेरियात ८ आणि बहुतेक राज्यांत ९. माझ्या एका सहकाऱ्याने, चांगला वसईचा, अभिमानाने कॅथलिक लिहिलं. पहिल्या पगारपत्रकानंतर तो आठवडाभर कोणाशी बोलत नव्हता.

कोपरीची_लेक | १० सप्टेंबर, सकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार. @म्युनिकवासी, विचारलं, आयसीटीच आहे. बिझनेस व्हिसाबद्दल मॅनेजरला मेल टाकला तर उत्तर आलं, "सगळे जातात." लेखी देता का विचारल्यावर गप्प.

@बेलापूरबाई, जानेवारीत माझ्या चुलतबहिणीचं लग्न आहे, डोंबिवलीला. तुमचं वाचून पोटात गोळा आला.

दुबई_रिटर्न | १० सप्टेंबर, दुपारी १२:३०

एवढं का घाबरताय? दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे ना जर्मनीशी. दोन्ही देश म्हणाले आमची रहिवासी, तर करारातला टायब्रेकर लावायचा. घर तिकडे भाड्याने घ्याल, राहाल तिकडे, म्हणजे तुम्ही जर्मनीच्या. भारताने हात लावायचा नाही. मी अकरा वर्षं दुबईत काढली, एक पैसा भरला नाही.

घोडबंदरकर | १० सप्टेंबर, दुपारी १२:४४

दुबईत आयकरच नाही हो. त्यात तुमचं कर्तृत्व काय? :)

दुबई_रिटर्न | १० सप्टेंबर, दुपारी १:०५

हसा. पण शेवटच्या दोन वर्षांत मलाही चटका बसलाच. वडील आजारी होते म्हणून येणंजाणं वाढलं, एका वर्षी १३४ दिवस भरले. हिरानंदानी इस्टेटमधल्या दोन फ्लॅटचं भाडं आणि ठेवींचं व्याज धरून इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर होतं. आम्ही १८२ च्या भरवशावर. २०२० च्या अर्थसंकल्पापासून अशा भेटीला येणाऱ्यांना १८२ च्या जागी १२० लागू झालंय, हे कोणी सांगितलंच नाही. नशीब एवढंच की त्या १२० वाल्यांना "रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही" अशा मधल्या खोलीत बसवतात, त्यामुळे दुबईचा पगार वाचला.

कळव्याचे_काका | ११ सप्टेंबर, सकाळी ६:२०

मुलांनो, तुमचे प्रश्न वाचून गंमत वाटते. मी १९८४ ला सौदीला गेलो, फिटर म्हणून. पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची गरज नसल्याचा शिक्का लागायचा, तो मिळाला. दम्मामला उतरल्यावर कंपनीच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत गोळा केले, भाजीवाला सुटे पैसे टाकतो तशा पिशवीत, आणि ते परत बघितले दोन वर्षांनी. हातात फक्त इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना. सुट्टीवर यायचं तरी एक्झिट रीएंट्री मालकाच्या सहीने. वडील गेले तेव्हा सही करणारा माणूस सुट्टीवर होता. मी तेराव्यालाही पोचलो नाही.

दिवस मोजायची गरज नव्हती, दुसरं कोणी मोजत होतं. तुमचं परमिट कोणाच्या नावाशी बांधलेलं आहे ते मात्र आजही बघून घ्या. नोकरी सुटली तर किती दिवसांत निघावं लागेल, ते आधी विचारा. एवढंच.

कोपरीची_लेक | ११ सप्टेंबर, सकाळी ८:३०

काका, काय बोलू. हे मी विचारलंच नव्हतं एचआरला. विचारते.

वाशीची_सीए | ११ सप्टेंबर, सकाळी १०:००

धागा बघितला. लिहायचं बरंच आहे, दोन ठिकाणी चुकीचंही लिहिलं गेलंय. पण रिटर्नची मुदत १५ तारखेला संपतेय, पोर्टल रडतंय, ऑफिसात जेवायला उठता येत नाही. तोपर्यंत कोणी तिकीट काढू नका.

तलावपाळी | १५ सप्टेंबर, रात्री ११:५८

मुदत एक दिवसाने वाढली! सीएताई, तुमच्या नशिबी अजून एक रात्र.

वाशीची_सीए | १५ सप्टेंबर, रात्री ११:५९

मला माहीत आहे.

वाशीची_सीए | १७ सप्टेंबर, दुपारी ४:२०

झोपून उठले. आता सविस्तर.

घोडबंदरकरांचं गणित बरोबर आहे, पण ते १८२ तुम्हाला का मिळतात ते समजून घ्या. मूळ नियम दोन आहेत. वर्षात १८२ दिवस, किंवा वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५. कोपरीची_लेक, तुम्ही चारही वर्षं इथेच होतात, म्हणजे ३० मेलाच तुमचे ६० भरले आणि तुम्ही रहिवासी झालात. जो भारतीय नागरिक त्या वर्षी नोकरीसाठी देश सोडतो, त्याच्यासाठी ६० च्या जागी १८२ वाचायचे, ही सवलत आहे. भारतातल्याच कंपनीने पाठवलं तरी ती मिळते, बेकार असण्याची अट नाही. अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाने २००६ मध्ये ते मान्य केलंय. पण "नोकरीसाठी" हे कागदावर दिसायला हवं. आता तुमच्या मॅनेजरची आयडिया बघा. सप्टेंबरात बिझनेस व्हिसावर गेलात, तर पासपोर्टवर दिसेल दौरा. उद्या अधिकाऱ्याने विचारलं की ही बाई नोकरीसाठी गेली की मीटिंगसाठी, तर हातात काय आहे? परमिट आणि कर ही दोन खाती वेगळी आहेत असं एचआरला वाटतं. इथे पहिल्याच्या शिक्क्यावर दुसऱ्याचा निकाल लागतो.

टायब्रेकरबद्दल दुबईवाल्यांचं अर्धंच बरोबर. पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात. पहिली पायरी, कायमचं घर कुठे उपलब्ध आहे? कोपरीत आहे आणि म्युनिकला भाड्याचंही चालतं, म्हणजे दोन्हीकडे. मग दुसरी, वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट? नवरा, मुलगा, आई, कर्जाचा हप्ता, सगळं ठाण्यात. त्यामुळे करारानुसारही तुम्ही भारताच्याच ठरण्याची शक्यता मोठी. अर्थात काम जर्मनीत केलंय, त्या पगारावर जर्मनी कर घेणारच. करारातले ते १८३ दिवस, म्हणजे तेवढ्यापर्यंतच राहिलं तर तिथे पगारावर कर न लागण्याची सवलत, तुमच्या उपयोगाचे नाहीत. दीड वर्ष राहायचं तर ती अट तुटतेच, आणि खर्च तिथल्या शाखेच्या माथी मारला असेल तर १८३ च्या आतही सुटका नाही.

आता खरा मुद्दा, जो इथे कोणी काढला नाही. २८ सप्टेंबर एवढा महत्त्वाचा आहे का? दुबईला जाणाऱ्याला आहे, कारण तिकडे कर शून्य. एक दिवस चुकला तर तिकडचा पगार इथे पूर्ण करपात्र. जर्मनीचं उलटं आहे. तिथला कर आपल्यापेक्षा कमी नसतो, बहुतेकदा जास्तच. तुम्ही रहिवासी ठरलात तर ऑक्टोबर ते मार्चचा तिकडचा पगार इथे दाखवायचा, इथला कर काढायचा, आणि जर्मनीत भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं, इथल्या कराच्या मर्यादेपर्यंत. खिशातून जादा जाणारी रक्कम बहुधा शून्य किंवा किरकोळ. जाते ती झोप, कारण कागद. त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. डिसेंबरपर्यंतचा वार्षिक दाखला फेब्रुवारीच्या सुमारास मिळेल, पण जानेवारी ते मार्चसाठी महिन्याची पगारपत्रकंच जपून ठेवावी लागतील. युरोचा दर गूगलवरचा चालत नाही, स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर (बँक परकीय चलन विकत घेते तो) लागतो, आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा.

बेलापूरबाईंना म्हणूनच विचारते, रागावू नका. बेल्जियमचा करही भरमसाठ आहे. क्रेडिट घेतलं होतं का?

बेलापूरबाई | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०५

...फॉर्म ६७ रिटर्नच्या आधी भरायचा राहिला. तेव्हा मुदत रिटर्नच्या तारखेला बांधलेली होती. क्रेडिट नाकारलं, नोटीस आली.

म्हणजे दिराच्या लग्नाची चूक नव्हती? आठ वर्षं आम्ही त्याला ऐकवतोय.

तलावपाळी | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०८

दीरसाहेबांना आहेर परत करा.

वाशीची_सीए | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

हो, ती मुदत २०२२ मध्ये सैल केली, आता आकारणी वर्ष संपेपर्यंत चालतो, रिटर्न वेळेत हवं.

राहिलेले प्रश्न. पीएफ: जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७ पासून लागू. ईपीएफओकडून कव्हरेजचं प्रमाणपत्र, सीओसी, काढून घ्या. ते दाखवलं की तिथल्या पेन्शन विम्याची कपात होत नाही. कर्मचाऱ्याचा वाटा ९.३ टक्के आहे, लहान रक्कम नाही. आरोग्य विमा वेगळा बघावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, पण कंपनीने पुढे ढकलल्याशिवाय हलत नाही. जायच्या आधी हातात घ्या. अमेरिकेशी असा करार नाही, म्हणून एच-१बीवाले (तिथल्या नोकरीच्या व्हिसावर गेलेले) वर्षानुवर्षं तिकडे भरतात.

बँक खातं: फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, वेगळा आणि त्याची व्याख्याही वेगळी. नोकरीसाठी देश सोडलात की त्या दिवसापासून तुम्ही फेमात अनिवासी, मग आयकरात रहिवासी का असेनात. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथलं खातं) करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, नवा उघडता येत नाही. आणि पुढच्या वर्षी तुम्ही अनिवासी झालात की पगाराचा इथला भाग डोकेदुखी ठरेल, कारण भारतात हाती आलेलं उत्पन्न अनिवासीलाही करपात्र आहे. काम बाहेर केलं तरी ते इथे "मिळालं" का, यावर न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. शक्यतो पगार तिकडच्याच खात्यात घ्या.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून येतोय. दिवसांचं गणित तेच राहणार आहे, "कर वर्ष" हा शब्द नवा.

घोडबंदरकर | १८ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सीएताई, दंडवत. मी "विषय संपला" लिहिलं होतं ते खोडतोय. एक शंका. जायच्या आधी आयकर खात्याचा नाहरकत दाखला लागतो, असा एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. खरं का?

वाशीची_सीए | १८ सप्टेंबर, सकाळी ११:१०

गेल्या वर्षीपासून फिरतोय तो. सीबीडीटीने तेव्हाच खुलासा केला होता की सगळ्यांना नाही. गंभीर आर्थिक गैरव्यवहार किंवा १० लाखांवर थकीत कर, अशांनाच. सोसायटीच्या ग्रुपला माझा नमस्कार सांगा.

म्युनिकवासी | १८ सप्टेंबर, रात्री ११:००

एक भर. जानेवारी ते सप्टेंबरचा भारतातला पगार जर्मनी करपात्र धरत नाही, पण तुमचा दर ठरवताना तो विचारात घेते. त्यामुळे इथल्या रिटर्नमध्ये फॉर्म १६ लागेल. मराठी-इंग्रजी सगळे कागद घेऊन या. मी आणले नव्हते, आणि माझ्या आईला वागळे इस्टेटमध्ये कुरिअरवाला शोधत फिरावं लागलं होतं.

ऐरोली_लोकल | २० सप्टेंबर, सकाळी ७:१५

अवांतर, पण राहवत नाही. सकाळी उठलो तर ऑफिसच्या ग्रुपवर तीनशे मेसेज. नव्या एच-१बीला एक लाख डॉलर! आमच्या टीममधली एक मुलगी परवाच सुट्टीवर नेरुळला आलीय. मॅनेजरचा फोन, मिळेल त्या विमानाने २१ च्या आत परत ये. तिच्या आईने तिच्यासाठी अळूवड्या लावल्या होत्या, उकडायच्या बाकी होत्या.

कळव्याचे_काका | २० सप्टेंबर, सकाळी ७:४०

पिशवी बदलली, पासपोर्ट तेच.

ऐरोली_लोकल | २१ सप्टेंबर, सकाळी १०:०५

अपडेट: खुलासा आला की फक्त नव्या अर्जांना, जुन्या व्हिसावाल्यांना नाही. पण ती रात्रीच गेली. वड्या आम्ही टीमने खाल्ल्या. वाईट वाटत होतं, पण खाल्ल्या.

दुबई_रिटर्न | २१ सप्टेंबर, दुपारी ३:००

मूळ धाग्याकडे वळू या का? ताईंचा व्हिसा आला का?

कोपरीची_लेक | २५ सप्टेंबर, रात्री १०:१५

आज पासपोर्ट हातात आला! दीड वर्षाचं काम, तीन महिने भांडण, आणि शेवटी एक चौकोनी स्टिकर.

एचआरने लगेच विचारलं, २७ चं तिकीट देऊ का, तुम्हाला टॅक्सचा फायदा हवा होता ना? मी कागदावर मांडलं. २७ ला गेले तर १८० दिवस. ३१ मार्चपर्यंत एकच दिवस शिल्लक. म्हणजे डोंबिवलीच्या लग्नाला मी सकाळच्या विमानाने येऊन रात्रीच्या विमानाने परत, अक्षता टाकायच्या तेवढ्या. हे सगळं कशासाठी, तर जो कर जर्मनीत भरणारच आहे त्याचा फॉर्म भरायला लागू नये म्हणून. ६ तारीख पक्की केली. रहिवासी तर रहिवासी. सीओसी आलं. बिझनेस व्हिसाचा विषय मॅनेजरने परत काढला नाही. काकांचा प्रश्न विचारला, नोकरी गेली तर काय. उत्तर द्यायला एचआरला दहा दिवस लागले. "तसं काही होणार नाही" असं उत्तर आलं. म्हणून मीच म्युनिकवासींकडून तिथल्या कार्यालयाची माहिती घेऊन ठेवलीय.

काल आईला घेऊन टेंभीनाक्याला गेले. रांगेत दीड तास. आईने देवीला काय सांगितलं माहीत नाही, पण माझ्या कानात म्हणाली, "ते फॉर्मचं पण सांगितलंय."

वाशीची_सीए | २५ सप्टेंबर, रात्री १०:३०

देवीला सांगा, सासष्ट नव्हे, सदुसष्ट.

कोपरीची_लेक | १५ ऑक्टोबर, रात्री १:५०

म्युनिकहून. आज नोंदणी झाली. @म्युनिकवासी, धर्माच्या रकान्यापाशी मी इतका वेळ थांबले की काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून बघितलं. कुठल्याही चर्चचं नाव न लिहिता फॉर्म परत दिला. त्यांनी शिक्का मारला आणि काहीतरी म्हणाल्या, मला फक्त "नमस्ते" कळलं.

पहिलं पगारपत्रक आल्यावर पेन्शनचा रकाना तपासून इथे कळवते. बाकी थंडी फार आहे. नौपाड्यातले सीए बरोबर होते.

खाऱ्या_पाण्याचा | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:००

ताई, शुभेच्छा. मी सिंगापूरहून उद्या जहाजावर चढतोय. यंदाचे भारतातले १६७ झाले. म्हणजे मार्चपर्यंत चौदा दिवस हातात आहेत. बायकोने आत्ताच विचारलंय, यंदा कुठे नेणार?